सोन्या कोणत्या बाजूला?

१

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर दोन निबंध शेजारी शेजारी पडले होते आणि त्यातला एक चोरीचा होता.

निबंध इंग्रजीतले, आणि मी मराठीचा मास्तर. नाव माणिकराव. इंग्रजीचं आणि माझं लहानपणापासून वाकडं. पण मुख्याध्यापक पंधरा दिवसांच्या रजेवर गेले, खुर्ची माझ्याकडे आली आणि खुर्चीसोबत ही ब्यादही आली.

बुलढाण्याची एक संस्था दरवर्षी इंग्रजी निबंध आणि भाषणाची स्पर्धा घेते. एका शाळेतून दहावीचं एकच पोर पाठवायचं. जो पहिला येईल त्याचं अकरावी-बारावीचं शिक्षण बुलढाण्यात, राहणं-जेवण सगळं संस्थेकडे. आमच्या पिंपळगाव राजातून आजवर कोणी जिंकलेलं नाही. यंदा विषय होता 'माझे आजोबा'.

सोहमचा निबंध बुधवारी ऑफिसात जमा झाला होता. सोहम म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊराव यांचा नातू. काजलचा निबंध शुक्रवारी आला. काजल म्हणजे खामगाव रस्त्यावरच्या पंजाबरावांची नात. आईबापाविना वाढलेली, आजी-आजोबांजवळ राहणारी. बुलढाण्याची वाट मिळाली तर शिकेल, नाहीतर दहावीनंतर घरी बसेल, हे तिनं स्वतःच मला एकदा सांगितलं होतं.

सोहमच्या निबंधाची सुरुवात अशी होती: 'नेव्हर डिड माय ग्रँडफादर पुट हिरा ऑन द राइट.' म्हणजे, कधीच माझ्या आजोबांनी हिरा बैलाला उजवीकडे जुंपलं नाही. काजलची सुरुवात: 'नेव्हर डिड माय ग्रँडफादर पुट सोन्या ऑन द लेफ्ट.' कधीच माझ्या आजोबांनी सोन्याला डावीकडे जुंपलं नाही.

पुढे दोन पानं शब्दाला शब्द. दोन बैल, एक धीराचा आणि एक भित्रा. रस्त्यावरून धडधडत जाणारे ट्रक. ट्रकच्या बाजूला नेहमी धीराचा बैल, म्हणजे भित्र्याला त्याची आड मिळते. आणि शेवट असा, की आमचे आजोबाही घरात तसेच, संकटाच्या बाजूला स्वतः उभे राहणारे. खोटं कशाला बोलू, इंग्रजीत असूनही तो शेवट मी दोनदा वाचला.

फरक तीनच. बैलाचं नाव वेगळं. बाजू वेगळी, सोहमकडे ट्रक डावीकडून जातात आणि काजलकडे उजवीकडून. आणि सोहम गाडीत आजोबांच्या मागे बसलेला आहे, तर काजल दप्तर घेऊन वळणावरच्या लिंबाखाली उभी राहून समोरून येणारी गाडी बघते आहे.

भाऊराव साहेब समोरच्या खुर्चीत बसले होते. पांढरं धोतर, हातात काठी, आवाज असा की व्हरांड्यातली पोरं चिडीचूप.

"मास्तर, बुधवार आधी येते का शुक्रवार?"

"बुधवार."

"मंग कोणी कोणाचं पाह्यलं, हे सांगाले ज्योतिषी लागते का? चार वाजता बुलढाण्याले लिफाफा जाते. त्यात सोहमचं नाव टाका. आन् त्या पोट्टीच्या टीसीवर वर्तणुकीच्या रकान्यात लिहा, चोरी."

त्यांनी कागद पुढे सरकवला. खाली सहीची जागा होती आणि सही माझी लागणार होती.

२

मी काजलला बोलावलं. ती आली, दोन्ही हातांनी ओढणीचं टोक धरून उभी राहिली.

"सर, मी नाही केली चोरी. माह्याजवळ कच्चा कागद हाये. मांगच्या सोमवारी लिहिलेला. मॅडमले तपासाले देला होता."

मला हायसं वाटलं. कच्चा कागद म्हणजे पुरावा. तिनं दप्तरातून दोन पानं काढली, कोपऱ्यात स्टेपलरची पिन मारलेली. मी अधाशासारखी पहिली ओळ वाचली आणि लगेच पुन्हा वाचली.

'नेव्हर डिड माय ग्रँडफादर पुट सोन्या ऑन द राइट.'

राइट. सोहमच्या निबंधात होतं तेच. खाली ट्रकही डावीकडूनच जात होते. बैलाचं नाव आणि लिंबाखालची जागा सोडली, तर कच्चा कागद म्हणजे सोहमच्या निबंधाची नक्कल होती.

भाऊरावांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि हसले. "पाहा! आधी पोराचं पाहून जसंच्या तसं उतरवलं. मंग भेव वाटलं म्हणून शेवटी उजवं-डावं फिरवलं. तारीख हाये का याच्यावर?"

तारीख नव्हती.

"काजल, बाजू का बदललीस तू?" मी विचारलं.

"आबा म्हणे चुकलं हाये," ती म्हणाली. आबा म्हणजे तिचे आजोबा. "शुक्रवारी सकाळी वाचून दाखवलं त्याहिले. ते हसले आन्..."

"आजा इंग्रजी वाचते का तुहा?" भाऊराव गरजले. पोरीचं वाक्य अर्धवटच राहिलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मास्तर, एक गोष्ट सांगा. 'नेव्हर डिड'! वाक्य उलटं करून लिहिणं! मोठमोठ्याले जमत नाही ते. माह्या सोहमले शाळेच्या मॅडम घरी येऊन शिकवतात. हिले कोणं शिकवलं? घरात तर सारे 'मले-तुले' करतात."

आता 'मले-तुले' तर स्वतः भाऊरावही करत होते, पण अध्यक्षांना हे कोण सांगणार? उत्तर मात्र मला ठाऊक होतं. उलट्या वाक्यांचं खूळ या गावात एकाच बाईनं आणलं होतं. तीस वर्षं तिनं या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि त्यातली दोन वर्षं मी तिच्या छड्या खाल्ल्या होत्या.

मी फोन लावला.

"अन्नपूर्णाबाई, जरा शाळेत येता का? काजलवर आळ आला आहे आणि त्यावर माझी सही मागताहेत."

पलीकडून एकच वाक्य आलं. "सही करू नकोस माणिक, हात तोडीन."

३

साडेबाराला फाटकाशी बैलगाडी थांबली. गाडी पंजाबरावांची. त्यांच्याच शेजारच्या मळ्यात बाईंचं घर, त्यामुळे बाई त्यातूनच आल्या. वय चौऱ्याहत्तर, चष्मा जाड, जीभ अजून तशीच. उतरल्याबरोबर त्यांनी पदर झटकायला सुरुवात केली. पांढऱ्या पातळाचा उजवा खांदा आणि उजवी बाही धुळीनं पिवळी पडली होती, डावी बाजू परीटघडीची.

"सतरा ट्रक गेले अंगावरून! मोजले मी," त्या कुरकुरल्या. "आणि हा सोन्या बघ, कान हलवत नाही. माणसांपेक्षा बरा. पंजाबराव, थांबा तुम्ही, बैल सोडू नका."

मला उगीच वाटलं, म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी बैलाचं कौतुक कसं सुचतं? मी त्यांना सगळं सांगितलं, तिन्ही कागद दिले. त्यांनी ते उन्हात धरून वाचले. मग काजलच्या कच्च्या कागदाचा कोपरा माझ्या नाकासमोर आणला.

"किती भोकं आहेत?"

पिनेला दोन भोकं लागतात. इथे चार होती.

"कुणीतरी पिन काढली, पानं सुटी केली आणि परत मारली. पानं सुटी कशासाठी करतात रे?"

"झेरॉक्ससाठी," मी म्हणालो आणि माझे डोळे चमकले.

शाळेत झेरॉक्स मशीन एकच आणि त्याला हात लावायचा हक्क एकट्या शेषरावांचा. हे आमचे क्लार्क. त्यांच्या खोलीत आम्ही शिरलो तेव्हा ते डबा उघडून बसले होते.

"शेषराव, मागच्या आठवड्यात दोन पानी इंग्रजी कागदाची झेरॉक्स काढली का?"

"नाई जी. मशीन बंदच हाये," शेषराव म्हणाले. त्यांच्या पाठीमागे मशीनचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. मग हळूच म्हणाले, "बुधवारचा लिफाफा उघड्या ट्रेमधी होता, हे खरं हाये. आन् गुरुवारी काजल बसच्या पाससाठी इथं आलती, हेबी खरं हाये. अजून काई विचारू नका, बाई. माही तीन वर्षं राह्यली रिटायरमेंटले."

म्हणजे काजलला संधी होती. बाहेर आल्यावर मी तसं म्हणालो, तर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा नववीत गेलो.

अश्विनी मॅडम स्टाफरूममध्ये वह्या तपासत होत्या. तासिका तत्त्वावर लागलेली तरुण मुलगी, दर जूनला नोकरीचा धाक. काजलनं कच्चा कागद ज्यांना तपासायला दिला होता त्या याच, आणि सोहमला घरी जाऊन शिकवणाऱ्याही याच.

"काजलचा कागद तुमच्याकडे कधी आला?"

"आठवत नाही हो बाई. इतक्या वह्या येतात..." त्यांच्या लाल पेनची रेघ वहीच्या बाहेर गेली.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. मी व्हरांड्यात त्यांना अडवलं. "अहो, ती खोटं बोलते आहे! दाबा ना जरा!"

"पोट भरणाऱ्या माणसाला दाबून खरं काढण्यात काय शौर्य? तिच्या साक्षीशिवाय जमतं का ते बघू."

सोहम ग्राउंडवर क्रिकेट खेळत होता. पोरगा वाईट नाही, पण सगळं ताटात वाढून मिळालेला. बाईंनी त्याला सावलीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला.

"छान लिहिलंस हो. गाडीत बसायला आवडतं तुला?"

"हो बाई."

"कुठे बसायचास?"

"आजोबांच्या मांगं. निबंधात लिहिलं ना."

"तोंड कुठे? मागे की पुढे?"

"पुढे. बैलाकडे." सोहम हसला. "मांगं तोंड करून कोण बसते?"

"आणि ट्रक कोणत्या बाजूनं जायचे?"

"डाव्या. तेही लिहिलं हाये."

बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पण चेहऱ्यावर अशी चमक होती की मला वाटलं आता पळतात की काय. "माणिक, भाऊरावांना बोलाव. सगळ्यांना बोलाव. ग्राउंडवर, गाडीपाशी."

"सापडलं?"

"उत्तर माझ्या अंगावरच होतं. गाडीतून उतरले तेव्हा."

४

तीन वाजले होते. गाडीभोवती गोल करून सगळे उभे राहिले. पंजाबराव बैलांच्या तोंडाशी, काजल त्यांच्या मागे लपलेली, शेषराव, अश्विनी मॅडम, सोहम. भाऊरावांसाठी शिपायानं खुर्ची आणली होती, पण बैल बघून ते काठी टेकत सरळ जोडीपाशी गेले. सोन्याच्या वशिंडावर थाप मारली, दात पाहिले, खूर पाहिले. शेवटी मोठ्या जमीनदाराचं रक्त.

"सुंदर जोडी राखली, पंजाबराव."

"तुमची किरपा."

"भाऊराव," बाई म्हणाल्या, "तरुणपणी तुमच्या जोडीसारखी जोडी तालुक्यात नव्हती, असं ऐकते."

"नव्हतीच!" भाऊरावांची छाती फुगली. "पिंपळगाव ते खामगाव, कापसाची गाडी, मी स्वतः हाकलली. हिरा आन् मान्या."

"मग मला अडाणी बाईला एक सांगा. रस्त्यावर गाडी घेतली, तर धीराचा बैल कोणत्या बाजूला जुंपता?"

"हे काय विचारणं झालं! उजव्या."

"नेहमी?"

"नेहमी! गाडी रस्त्याच्या डाव्या कडेनं चालते. समोरून येणारा ट्रक उजवीकडून जाते, मांगून येणाराबी उजवीकडूनच पुढं निघते. भेकड बैल त्या अंगाले जुंपला तर गाडी नालीत. माह्या हिऱ्यानं उजवी बाजू मरेपर्यंत सोडली नाही. डाव्या बाजूले ट्रक दिसले, तर समजा हाकलणारा झोपला हाये नाहीतर दारू पेला हाये!"

आम्ही कोणी हसलो नाही. भाऊराव आपल्याच आठवणीत रंगले होते. त्यांना दोन क्षण लागले. मग त्यांनी हळूच मान वळवून सोहमकडे पाहिलं.

बाईंनी निबंध उघडला. "सोहम गाडीत बसला आहे. तोंड पुढे. आत्ताच त्यानं मला सांगितलं. आणि लिहितो, ट्रक डावीकडून जातात, म्हणून हिरा डावीकडे. असं गाडीत बसणाऱ्याला दिसेल का? बघा माझा खांदा. आल्यापासून झटकते आहे, उजवाच भरला आहे."

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तेच ट्रक डावीकडे कोणाला दिसतील?" बाई काजलकडे वळल्या. "जो गाडीच्या समोर उभा आहे त्याला. जी पोर रोज शाळा सुटल्यावर लिंबाखाली उभी राहते आणि समोरून येणारी गाडी बघते, तिला. तिच्या डाव्या हाताला ट्रक, तिच्या डाव्या हाताला सोन्या. तिनं कच्च्या कागदावर डावं लिहिलं. ही चूक फक्त तिचीच असू शकते."

"मी तेच म्हणलो व्हतो," पंजाबराव पहिल्यांदा बोलले. "शुक्रवारी तिनं वाचून सांगतलं. म्या म्हणलं, पोरी, बाजू बैलाची धरावं, आपली नाही. सोन्या उजवा हाये. तू समोरून पाह्यतं, म्हणून तुले डावा दिसते."

"तिनं चूक सुधारली," बाई म्हणाल्या, "पण तोवर ती चूक दुसरीकडे गेली होती. ज्यानं उचललं, त्यानं बैलाचं नाव बदललं, स्वतःला लिंबाखालून उचलून गाडीत बसवलं. बाजू बदलायची असते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. कारण तो बैलगाडीत कधी बसलाच नाही."

मग, न विचारता, अश्विनी मॅडम पुढे आल्या. आवाज बारीक होता, पण स्पष्ट.

"झेरॉक्स मी काढून घेतली. मागच्या मंगळवारी. काजलचा निबंध इतका आवडला की सोहमला नमुना म्हणून नेऊन दिला. तो तसाच उतरवेल असं वाटलं नव्हतं. नंतर बोलायची हिंमत झाली नाही. चुकलं माझं, काजल."

"मशीन चालू हाये जी," शेषराव मागून पुटपुटले. "मीच काढली ती झेरॉक्स."

सोहम रडायला लागला. "आजोबा, तुमच्या हिऱ्याच्या गोष्टी तुम्ही सांगत राहता. मले वाटलं, तुम्हाले आवडेल."

भाऊराव खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण एक गोष्ट मी त्यांच्या नावानं कायम सांगत राहीन. त्यांनी सहीसाठी दिलेला तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि चार तुकडे केले.

"हिरा डाव्या बाजूले!" ते सोहमला म्हणाले. "चोरी केली ते केली, माह्या हिऱ्यालेबी चुकीचं जुंपलं! उद्यापासून एक महिना तू पंजाबरावच्या गाडीवर. त्यायची परवानगी असंल तर." मग ते काजलसमोर उभे राहिले. "पोरी, तुह्यावर आळ घेतला. माफ कर बाप्पा या म्हाताऱ्याले."

५

चारला दहा कमी होते. मी लिफाफ्यात काजलचं नाव लिहिलं आणि इतकी झोकात सही केली की पेनाचं निब वाकलं. तरी एक शंका मनात होतीच.

"बाई, हे उलटं वाक्य पोरीला इतकं सहज कसं जमलं? माझ्यासमोर तर तुम्ही दोन वर्षं डोकं फोडलंत."

"काजल, काल तुमचं वासरू सुटलं तेव्हा गोजरबाई काय म्हणाली?"

गोजरबाई म्हणजे काजलची आजी. काजल आता हसत होती. "म्हणे, 'पाह्यलंच नाही बाप्पा म्या असं वासरू कधी!'"

"बघ. 'पाह्यलंच नाही' आधी, 'म्या' मागून. जोर द्यायचा तो शब्द पुढे आणायचा. त्यांच्या घरात दिवसभर हेच चालतं. मी फक्त तिला सांगितलं, आजी बोलते तसंच इंग्रजीत लिही. तू मात्र पुस्तकातलं मराठी बोलायचास, तुला कुठून जमणार?"

मराठीच्या मास्तरला मराठीत हरवून वर इंग्रजी शिकवणारी ती बाई, तिच्याशी कोण वाद घालणार?

तीन आठवड्यांनी बुलढाण्याला स्पर्धा झाली. आमच्या बसमध्ये जागा पुरली नाही, इतकी माणसं निघाली. भाऊरावांनी आपली जीप काढली आणि पुढच्या सीटवर पंजाबरावांना बसवलं. सोहम मागे, चेहरा रापलेला, हाताला फोड, दर पाच मिनिटांनी सांगत होता, "बघा, ट्रक उजवीकडून गेला." अश्विनी मॅडमही आल्या होत्या, त्यांनी काजलकडून तिन्ही आठवडे भाषण घोटून घेतलं होतं. त्यांच्या नोकरीबद्दल भाऊरावांनी अक्षर काढलं नाही, ही बाईंची अट होती.

सभागृहात चाळीस शाळा. खामगावची, चिखलीची, मलकापूरची कडक इस्त्रीतली पोरं फाडफाड बोलून गेली. मग काजल उभी राहिली. आधी तिनं समोर बसलेल्या आजोबांकडे पाहिलं. ते नेहमीप्रमाणे रांगेच्या कडेला बसले होते, गोजरबाईंना आत बसवून.

"नेव्हर," ती म्हणाली आणि थांबली. चारशे माणसं पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. मला इंग्रजी येत नाही म्हणता म्हणता कळलं, की तो एक शब्द पुढे आणण्यात किती ताकद असते.

संध्याकाळी निकाल लागला. स्टेजवरून पहिलं नाव घेतलं गेलं तेव्हा मी काय ओरडलो हे मला आठवत नाही, पण अन्नपूर्णाबाई अजून सगळ्यांना सांगतात. पंचवीस वर्षं शुद्ध मराठी शिकवणारा मी, भर सभागृहात खुर्चीवर उभा राहून ओरडलो होतो:

"जिंकली! जिंकली ना बे पोट्टी आपली!"